सव्वाआठची वेळ आणि नाचाची चाल

कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत संध्याकाळी जुनी इंग्रजी गाणी लावलेली असतात आणि त्यांत 'एनोला गे' लागले की शेजारच्या टेबलावरची मुले गप्पा न थांबवता बोटांनी ताल धरतात. चाल आहेच तशी. ऑर्केस्ट्रल मॅनूव्हर्स इन द डार्क या ब्रिटिश गटाचे १९८० सालचे हे गाणे सिंथेसायझरच्या एका लखलखीत, काहीशा बाळबोध सुरावटीवर उभे आहे, आणि एनोला गे ही कुणाची तरी प्रेयसी असावी अशी ऐकणाऱ्याची खुशाल समजूत होऊ शकते. प्रत्यक्षात ते एका आईचे नाव आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब टाकणाऱ्या बी-२९ विमानाला वैमानिक पॉल टिबेट्सने आपल्या आईचे नाव दिले होते. बाँबचे नाव होते 'लिटल बॉय'. गाण्यात येणारी सव्वाआठची वेळ त्याच सकाळची, आणि त्या वेळेला बंद पडलेले घड्याळ हिरोशिमाच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. त्या वर्षअखेरपर्यंत शहरात सुमारे १,४०,००० माणसे दगावली, असा अंदाज आहे.

गीतकाराने यातले काही लपवलेले नाही. कडव्यांतून त्या आईवरून आणि तिच्या 'लिटल बॉय'वरून टोचणारे प्रश्न आहेत. मात्र धृपदाच्या जागी शब्दच नाहीत, तिथे नुसती ती सुरावट वाजते. त्यामुळे ऐकणारा गुणगुणत घरी नेतो तो नेमका बाँब वगळलेला भाग.

मँचेस्टरच्या 'जॉय डिव्हिजन' या गटाचे प्रकरण मला याहून अवघड वाटते. नाझी छळछावण्यांत कैदी स्त्रियांना जिथे वेश्याव्यवसायासाठी डांबून ठेवले जात असे, त्या विभागासाठी एका कादंबरीत आलेले हे नाव या तरुणांनी १९७८ साली उचलले. त्यांचे संगीत उदास आणि अस्सल आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण 'नो लव्ह लॉस्ट' या गाण्यात त्या कादंबरीतला एक उतारा येतो तेवढा सोडला, तर त्या गाण्यांचा विषय त्या स्त्रिया नव्हेत, म्हणजे नाव घेतले आणि त्याची परतफेड जवळजवळ झालीच नाही. १९८० मध्ये गायक इअन कर्टिसच्या मृत्यूनंतर उरलेल्यांनी 'न्यू ऑर्डर' हे नाव घेतले, तेव्हा त्यालाही नाझी वास येतो अशी टीका झालीच. 'जॉय डिव्हिजन'च्या पहिल्या अल्बमवरच्या पांढऱ्या लहरींचे काळे टी-शर्ट आपल्याकडेही दिसतात, आणि ते घालणाऱ्याला छातीवरच्या नक्षीमागचा हा इतिहास कुणी सांगितलेला असेल, असे वाटत नाही.

यावर नाक मुरडण्याआधी आपण नाशिकच्या रविवार कारंज्यावर जाऊन उभे राहावे. शिवजयंतीच्या मिरवणुकीत ढोल थांबले की डीजे सुरू होतो, आणि नाशिककर कुसुमाग्रजांचे 'वेडात मराठे वीर दौडले सात' भगव्या झेंड्यांच्या गर्दीत दणाणू लागते. उमराणीला वेढ्यात सापडलेल्या आदिलशाही सरदार बहलोलखानाला सरनौबत प्रतापराव गुजरांनी सोडून दिले, त्यावरून महाराजांनी खरमरीत पत्र लिहिले, आणि ते जिव्हारी लागून प्रतापराव २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ अवघ्या सहा साथीदारांसह खानाच्या फौजेवर चालून गेले. सातांपैकी एकही परतला नाही. चार महिन्यांच्या आत झालेला राज्याभिषेक त्यांनी पाहिला नाही. हा पराक्रम तर खराच, पण सेनापतीने सैन्य मागे ठेवून स्वतःला झोकून देणे ही शोकांतिकाही आहे, आणि कुसुमाग्रजांनी दोन्ही लिहिले आहे.

नाचणाऱ्या पोरांना मी नावे ठेवणार नाही, कारण प्रतापरावांची ओळख त्यांच्यातल्या अनेकांना याच गाण्याने करून दिली आहे. माझी तक्रार आहे ती रिमिक्स करणाऱ्यांबद्दल. ते दौडीची ओळ पुन्हा पुन्हा फिरवतात आणि दगडांवर उमटलेल्या टाचांचे, ओढ्याच्या पाण्यात अजून तरंगणाऱ्या रक्ताच्या रंगाचे शेवटचे कडवे येण्याआधीच पुढच्या गाण्यावर उडी मारतात. त्या कडव्याचे वृत्त तेच आहे. ते वाजवले तरी कुणाचा ठेका चुकणार नाही.