धमनी रंगावरून ओळखायची नाही

सुवर्णमहोत्सवाची पत्रिका आली त्या रात्री मला शाळेचं मैदान आठवलं नाही की स्नेहसंमेलन आठवलं नाही. आठवल्या त्या विज्ञानाच्या बाई. आमच्या बॅचला नाव सांगायची गरज नाही, प्रयोगशाळेच्या बाई म्हटलं की पुरे. संपादकांनी ‘शाळेने मला काय दिले’ असा विषय दिला आहे. मला मात्र एका आकृतीबद्दलच लिहायचं आहे.

माझी चित्रकला चांगली होती. एलिमेंटरी झाली होती, इंटरमीजिएटची तयारी सुरू होती. १९८९ साल, नववीची सहामाही. ‘मानवी हृदयाची आकृती काढून भागांना नावे द्या’ हा पाच गुणांचा प्रश्न आला आणि मी अर्धा तास त्यावरच बसले. रेघ सफाईदार, छायांकन अगदी मऊ, रंगपेन्सिली टोक करून नेलेल्या. पेपर हातात आले तेव्हा पाचपैकी दोन. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीनं बटाट्यासारखा आकार काढला होता, तिला साडेचार. मी मधल्या सुट्टीभर रडले.

बाईंनी शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बोलावलं. माझा पेपर टेबलावर उघडा होता. म्हणाल्या, “चित्र सुंदर आहे गं. पण यातून रक्त जाणार कसं?” हृदयाकडून फुप्फुसांकडे रक्त नेणारी फुप्फुस धमनी पुस्तकात निळी असते, मी ती लाल रंगवली होती. धमनी म्हणजे शुद्ध रक्त आणि शुद्ध रक्त म्हणजे लाल, एवढंच मला पाठ होतं. शिवाय दोन्ही जवनिकांच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या, भिंती सारख्याच जाड काढल्या होत्या, कारण तसं चित्र डौलदार दिसतं.

मग शिपाईमामांनी स्टीलचा डबा आणला. जांभळी नाक्याच्या बाजारातून बाईंनी बकऱ्याचं हृदय मागवलं होतं. ‘काळीज’ मागितलं तर खाटीक कलेजी बांधून देतो, म्हणजे यकृत, म्हणून त्यांनी मामांना मुद्दाम ‘दिल’ म्हणायला सांगितलं होतं. बाई स्वतः शाकाहारी. पण पदर खोचून त्यांनी ते ट्रेमध्ये काढलं, नळाखाली धुतलं आणि माझ्या हातात दिलं. वरचे कप्पे, म्हणजे कर्णिका, खाटकानं जवळजवळ कापूनच टाकल्या होत्या. आत गोठलेल्या रक्ताच्या गाठी होत्या, उजवीकडे तशाच डावीकडेही, काळपट लाल. “यात निळं कुठंय, दाखव,” बाई म्हणाल्या. मला दाखवता येईना. “निळा रंग पुस्तकात आहे, शरीरात नाही. आणि अशुद्ध रक्त असंही म्हणू नकोस. त्यात ऑक्सिजन कमी आहे, एवढंच. धमनी रंगावरून ओळखायची नाही, दिशेवरून ओळखायची. हृदयाकडून निघाली ती धमनी, हृदयाकडे आली ती शीर. मग आत काहीही वाहू दे.”

डाव्या जवनिकेतून निघणाऱ्या महाधमनीचा बोटभर तुकडा शिल्लक होता. त्यात त्यांनी ड्रॉपरनं पाणी सोडलं. पाणी खाली उतरेना, वरच थांबलं. वाकून पाहिलं तर तीन पातळ पाकळ्या फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या. कुणी ओढल्या नव्हत्या, ढकलल्या नव्हत्या. मागे वळणाऱ्या पाण्यानंच त्या मिटवल्या होत्या. झडप म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं.

मग ब्लेडनं आडवा छेद. डावी जवनिका गोल, जाड भिंतीची. उजवी तिला चंद्रकोरीसारखी बिलगलेली, पातळ. बाईंनी माझा अंगठा आणि बोट धरून दोन्ही भिंती चाचपायला लावल्या. “उजवीला कळव्यापर्यंत जायचंय, डावीला कसाऱ्यापर्यंत. कुणाला जास्त जोर लागेल?” फुप्फुसं अगदी शेजारी, पुढचंच स्टेशन. डावीला मात्र पार कसाऱ्यासारखं शेवटच्या स्टेशनापर्यंत, पायाच्या अंगठ्यापर्यंत रक्त पोचवायचं. रोज लोकल पाहणाऱ्या ठाण्याच्या मुलीला याहून सोपं काय सांगणार!

“आता काढ,” म्हणाल्या. आणि बाह्यरेषा आधी काढू दिली नाही. आधी मधला पडदा, तोही तिरका, कारण हृदय छातीत सरळ उभं नसतं, टोक डावीकडे झुकलेलं असतं. मग जाड डावी, तिच्या पुढ्यात उजवी, मग दोन्ही कर्णिका, शेवटी वाहिन्या. प्रत्येक वाहिनीवर नावाच्या आधी बाण. आणि माझ्यासमोर उभं राहून स्वतःच्या छातीवर हात ठेवून, “हे माझं डावं, तुझ्या कागदावर उजवीकडे येईल. समोरच्या माणसाचं हृदय काढतेस, स्वतःचं नाही.” सव्वा वाजता सुटलेली शाळा, आम्ही निघालो तेव्हा तीन वाजून गेले होते. बाई तलावपाळीपर्यंत माझ्याबरोबर चालत आल्या.

आज बावीस वर्षं मी इको टेक्निशियन म्हणून, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करण्याचं, काम करते आहे. हजारो हृदयं पडद्यावर पाहिली. छातीच्या टोकाकडून पाहिलं की पडद्यावर हृदय उलटं दिसतं, टोक वर आणि कर्णिका खाली, तरी मी कधी गोंधळले नाही. निरोगी माणसाच्या डाव्या जवनिकेची भिंत साधारण ६ ते १० मिलिमीटर भरते, उजवीची ५ च्या आत. डावीत आकुंचनाच्या वेळी दाब पाऱ्याच्या १२० मिलिमीटरच्या आसपास, उजवीत २५च्या. मोजमाप घेताना कळवा आणि कसारा मनात येतातच. रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा कलर डॉपलर लावला की पडद्यावर लाल-निळं वाहू लागतं. नातेवाईक हमखास विचारतात, “निळं म्हणजे अशुद्ध रक्त ना?” नाही. छातीवर टेकवलेल्या प्रोबच्या दिशेनं येणारं लाल, दूर जाणारं निळं. तिथंही रंग दिशाच सांगतो. मी रिपोर्टच्या पाकिटामागे तिरका पडदा काढते, बाण काढते आणि समजावते. हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलांनाही पहिल्या दिवशी मशीनला हात लावू देत नाही, कागद-पेन्सिल देते. त्यातली बरीच आज माझ्याहून मोठ्या विभागांत काम करतात, याचा मला फार अभिमान आहे.

माझी भाची आता नववीत आहे. तिच्या पुस्तकात कर्णिका-जवनिकांच्या जागी अलिंद आणि निलय आले, त्याचं काही नाही, शब्द बदलतात. पण तिला हृदयाची छापील आकृती मिळते आणि ती नुसती नावं भरते. पडदा तिरका का, हे तिला कुणी विचारलं नाही. याचं मला वाईट वाटतं. बाई निवृत्त होऊन लेकीकडे गेल्या, तेव्हा निरोप समारंभाला माझी ड्यूटी होती. रजा टाकायला हवी होती. नंतर पत्र लिहीन म्हणत राहिले, ते राहूनच गेलं.

जुनी प्रयोगशाळा पाडून नवी होणार असं पत्रिकेत वाचलं. आयोजकांना एक विनंती आहे. खिडकीजवळच्या काचेच्या कपाटात, खालच्या फळीवर एक रुंद तोंडाची बरणी असायची. आडवा छेद दिलेलं ते हृदय बाईंनी त्यात ठेवलं होतं. चिठ्ठीवर ‘उजवी’ आणि ‘डावी’ हे माझ्या अक्षरात आहे. सामान हलवताना ती टाकू नका. फॉर्मॅलिन कमी झालं असेल, तर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी येऊन मी भरून देईन.