आठव्या महिन्यातला एलएफटी आणि लॅबचं काउंटर

शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एलएफटीचा, म्हणजे यकृताच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आला. अल्कलाइन फॉस्फेटेज या एन्झाइमच्या आकड्यापुढे ठळक 'एच', म्हणजे 'हाय', जास्त. सासूबाईंनी चष्मा लावून तेवढंच पाहिलं, "कावीळ नाही ना गं?" डॉक्टर भेटणार सोमवारी.

पुरळ नव्हतं, पण तळहात-तळपाय रात्री आग झाल्यासारखे खाजायचे. म्हणून एलएफटी आणि बाइल अ‍ॅसिड (रक्तातली पित्ताम्लं) सांगितलं होतं. रक्त दिलं, तो भाग सोपा.

तशीच कॉलेज रोडवरच्या लॅबमध्ये गेले. विचारलं, "ही छापलेली रेंज गरोदर बाईची आहे का?"

"मॅडम, सिस्टिममधून हीच येते."

"मग फॉर्मवर गरोदर आहे का, ते कशाला विचारता?"

"डॉक्टरांना दाखवा."

आणि बाइल अ‍ॅसिड? ते 'पेंडिंग'. सॅम्पल मुंबईला जातं म्हणे. हे पैसे घेताना कोणी बोललं नव्हतं. सोमवारी 'उद्या', मंगळवारी 'सर्व्हर डाऊन'. मी पोट सांभाळत खुर्चीत बसून राहिले, तेव्हा कुठे आतून एकाने मुंबईला फोन लावला. तुम्ही पैसे भरण्याआधीच विचारा, टेस्ट इथेच होते का आणि रिपोर्ट कधी. लेखी घ्या.

सोमवारी डॉक्टरांनी 'एच'कडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटच्या तीन महिन्यांत वार (प्लासेंटा) स्वतःच अल्कलाइन फॉस्फेटेज बनवते, त्यामुळे आकडा दुप्पट-तिप्पटही होतो. बघायचं ते एसजीपीटी आणि एसजीओटी, ही यकृताची एन्झाइम्स, कारण गरोदरपणात हे वाढायला नको असतात. माझे नॉर्मल होते. पण एसजीपीटी नॉर्मल असूनही बाइल अ‍ॅसिड वाढलेलं असू शकतं, म्हणजे जो आकडा हवा तोच अडकलेला!

शेवटी आला, ८. खाजेसोबत १९ किंवा जास्त आलं तर कोलेस्टेसिस (यकृतातून पित्त नीट न वाहणं) धरतात आणि १००च्या पुढे बाळाला धोका बराच वाढतो, असं डॉक्टर म्हणाल्या. खाज थांबली नाही तर पुन्हा तपासायचं, कारण आकडा कधी कधी मागाहून चढतो. माझी थांबलेली नाही, तेव्हा पुढच्या आठवड्यात पुन्हा. दुसऱ्या लॅबमध्ये.

डोळे पिवळे, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, उजव्या बरगडीखाली दुखणं किंवा बाळाची हालचाल कमी, यातलं काही असेल तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठायचा. आणि हो, अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनापुढे 'एल' (लो, म्हणजे कमी) दिसला तर लगेच घाबरू नका. रक्तातलं पाणी वाढल्याने ते थोडं खाली येतंच.