बहात्तर तासांपैकी उरलेले बारा

तो तरुण आमच्या तपासणी केंद्रात आला तेव्हा केंद्र बंद होण्याची वेळ झाली होती. ‘निरोध फाटला’ एवढेच कारण त्याने सांगितले. एचआयव्हीच्या संसर्गाची शक्यता असलेला संबंध घडून गेल्यावर घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्या, म्हणजे ‘पेप’, ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि त्यातही जितक्या लवकर तितके बरे. याचे साठ तास उलटून गेले होते. इतका उशीर का केलात, असे मी काहीशा रागाने विचारले. ‘फोन आणि किल्ल्या माझ्याजवळ नव्हत्या,’ तो म्हणाला.

अनेक वर्षे समुपदेशन करूनही हे वाक्य मी ऐकून सोडून दिले. जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेचा प्रश्न मी स्त्रियांना न चुकता विचारत असे. जगातील १५ ते ४९ वयाच्या, कधी ना कधी जोडीदार असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २७ टक्के स्त्रियांनी अशी शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली आहे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज मला पाठ होता. समोर पुरुष बसला की मात्र तो प्रश्न मी आपोआप गाळत असे.

त्यामुळे ठरलेल्या क्रमाने पुढचा सल्ला दिला: ‘जोडीदारालाही तपासणीसाठी सोबत घेऊन या. हवे असल्यास आम्ही फोन करतो.’ एरवी हा सल्ला योग्यच असतो. पण तो ऐकताच त्याने खुर्ची मागे सरकवली आणि गोळ्या नकोत म्हणाला.

मी फाइल मिटली आणि घरी जाण्याची भीती वाटते का, असे विचारले. बराच वेळ तो गप्प राहिला. मग तुटक तुटक जे सांगितले ते असे, की त्याने जोडीदाराकडे निरोध वापरण्याचा आग्रह धरला, त्यावरून ‘म्हणजे तुझे बाहेर कोणीतरी आहे’ असा संशय घेतला गेला, मारहाण झाली, जबरदस्ती झाली, आणि दोन दिवस त्याला घराबाहेर पडू दिले नाही. तोंड उघडलेस तर तुझ्या आईवडिलांना सगळे सांगेन, ही धमकी वेगळीच. निरोध फाटला नव्हता. तो वापरलाच गेला नव्हता. जबरदस्तीत होणाऱ्या जखमांमुळे संसर्गाचा धोका आणखी वाढतो, आणि जोखीम मोजण्याच्या आमच्या अर्जात ‘निरोध वापरता का’ असे विचारलेले असते, ‘वापरा म्हणण्याची सोय आहे का’ असे नाही.

डॉक्टरांना बोलावून जखमा तपासल्या, रक्त घेतले आणि पहिली गोळी तिथेच दिली. तक्रार नोंदवायची की नाही, हा निर्णय मी त्याच्यावरच सोडला. त्याने त्या दिवशी नाही म्हटले. यापुढचा तासभर आम्ही फक्त एकाच गोष्टीवर बोललो: २८ दिवसांच्या गोळ्या ठेवायच्या कुठे? एचआयव्हीच्या उपचारातही हीच औषधे वापरली जातात, तेव्हा डबी सापडली तर ‘तुला रोग आहे’ असा नवा आरोप होणार. शिवाय डबी हलवली की वाजते. शेवटी ती कामाच्या ठिकाणच्या कुलूपबंद खणात ठेवायचे ठरले. केंद्राकडून आपोआप जाणारा आठवणीचा संदेश मी बंद करून घेतला.

ठरल्या दिवशी तो आला, तेव्हा डबीत चार गोळ्या शिल्लक होत्या. एरवी नियमितपणावर मी दहा मिनिटे ऐकवले असते. ‘सुट्टीचे दिवस,’ तो म्हणाला. सुट्टीसाठी खिशात गोळी नेण्याचे आम्ही ठरवले होते, पण घरी खिसे तपासले जात होते. डॉक्टरांनी पुढच्या तपासणीच्या तारखा सांगितल्या, आणि आम्ही दोघे पुन्हा बसलो. या वेळी गोळ्यांविषयी नव्हे, रात्री अचानक घर सोडावे लागले तर तो कोणाकडे जाईल, याविषयी. त्याने एका मित्राचे नाव घेतले, आणि मग म्हणाला की त्याच्याशी वर्षभर बोलणेच झालेले नाही.