तुम्ही विचारलंत म्हणून: पहिल्या गाळ्याचं काय झालं?

आयटीआयची पोरं विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले पाहुणे विचारतात, गाळा बघायला आलेला बँकेचा नवा साहेबही विचारतो. शब्द वेगळे असले तरी प्रश्न तोच असतो: "तुमचा पहिला कारखाना बंद पडला होता ना? त्यातून असं काय शिकलात, की हा दुसरा चालला?"

विचारणाऱ्याला उत्तर बहुतेक वेळा माहीत असतं. अपयश ही यशाची पहिली पायरी, असं मी म्हणायचं आणि त्याने मान डोलवायची. ते मला जमत नाही. धंदा बुडाल्यावर माणूस काहीतरी शिकतो हे खरं, पण बरोबरच शिकतो असं नाही. मी पहिल्यांदा शिकलो ते साफ चुकीचं होतं, आणि ते विसरायला बरीच वर्षं गेली.

पहिला गाळा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये होता. एमआयडीसीने १९६२ साली वसवलेली ही पहिली वसाहत, पण मी शिरलो तेव्हा तिथले कारखाने एकेक करून काचेची ऑफिसं होत होते आणि गाळ्यांची भाडी त्या ऑफिसांच्या हिशोबाने चढत होती. लोखंड कातायचे दोन जुने लेथ, कर्जावर घेतलेलं एक सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन. किसननगरातून चालत कामाला येणारी माणसं. पंपाचे बुश, स्लीव्ह, फ्लँज असल्या सुट्या भागांचं काम. काम चांगलं होतं, रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, नगण्य होतं, ऑर्डरी वाढत होत्या. माझा कारखाना काम नसल्यामुळे बंद पडला असं बऱ्याच जणांना वाटतं. बंद पडला त्या महिन्यात दोन पाळ्या चालू होत्या.

हे कसं होतं ते आकड्यात सांगतो, कारण भाषणात हाच भाग गाळला जातो. समजा महिन्याला ५ लाखांचं बिल होतं. स्टील कळंबोलीच्या बाजारातून ३० दिवसांच्या उधारीवर येतं. पगार ७ तारखेला, मशीनचा हप्ता त्याच्या आधी, विजेचं बिल मध्येच कधीतरी. आणि पार्टी, म्हणजे माल घेणारी कंपनी, पैसे देते १२० दिवसांनी. म्हणजे कुठल्याही दिवशी बघा, तुमचे २० लाख पार्टीच्या खिशात. आता पार्टी खूश होऊन ऑर्डर दुप्पट करते. तुम्ही पेढे वाटता. चार महिन्यांनी तिच्या खिशात ४० लाख असतात, आणि मधले २० लाख कुठून आणायचे हे पेढे वाटताना कोणी विचारलेलं नसतं. बँकेने धंद्याला दिलेली उचल, म्हणजे सीसी लिमिट, संपते, मग सोनं, मग मेहुण्याकडून, मग खासगी व्याजाने.

त्यात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. आमच्यासारखे दीड कोटीच्या आतले कारखाने तोवर एक्साइजमधून, म्हणजे उत्पादन शुल्कातून, सुटलेले होते. आता बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत कर भरायचा, मग पार्टीने पैसे दिलेले असोत वा नसोत. आमच्या बिलावरच्या १८ टक्के करातून खरेदीवर भरलेला कर वजा होतो, पण आमच्या कामात मालापेक्षा मजुरीच जास्त, त्यामुळे वजा होऊन उरतं ते काही थोडं नसतं. न मिळालेल्या पैशांवरचा कर मी व्याजाच्या पैशांतून भरत होतो. सीए म्हणायचा, नफा आहे. होताच. ताळेबंदात होता.

२०१८ मध्ये शटर ओढलं. आणि मी जे शिकलो ते असं: उधारी म्हणजे मरण, पार्ट्या चोर असतात, यापुढे रोख असेल तरच काम.

ऐकायला शहाणपणाचं वाटतं ना? एका ओळखीच्याच्या लेथवर काही महिने मी याच तत्त्वाने काम केलं. रोखीने काय येतं ते मला विचारा. गेटच्या बिजागऱ्या, गिरणीचा तुटलेला शाफ्ट, सोसायटीच्या पाण्याच्या मोटरचं कपलिंग. जी कंपनी महिन्याला हजार बुश घेते ती रोख देत नाही, कधीच देणार नाही. तिच्याकडे पद्धत असते, आणि त्या पद्धतीत रोख हा रकानाच नसतो. म्हणजे बुडण्याने मला धंदा सोडायला शिकवलं होतं, आणि मी त्याला अनुभव म्हणत होतो.

घर त्या काळात बायकोच्या पगारावर चाललं. ती कळव्याला हॉस्पिटलात नर्स आहे. हे मी प्रत्येक ठिकाणी सांगतो आणि प्रत्येक ठिकाणी ते टाळ्यांत वाहून जातं. माझ्याच रांगेत माझ्यासारखेच बसलेले आणखी काही गाळे होते. ज्यांच्या घरी दुसरा पगार नव्हता ते आज रिक्षा चालवतात किंवा गावी गेले. त्यांना कोणी आयटीआयमध्ये बोलवत नाही. भाषणांत लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव हमखास निघतं: लोखंडी नांगराने जमिनीत विष कालवलं जातं असं शेतकरी म्हणायचे, पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली, पुढे बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. इथून वक्ता थेट चिकाटीवर उडी मारतो. पण मध्ये औंधचे राजे आहेत. त्यांनी कुंडलजवळचं माळरान दिलं, पैशांचीही मदत केली, तेव्हा कुठे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. चिकाटी होतीच. पण पाय टेकायला जमीन दुसऱ्याने दिलेली होती.

मग मी नोकरी धरली. महाप्यात एका कंपनीत, खरेदी विभागात. स्वतःचा कारखाना चालवलेल्या माणसाने दुसऱ्याच्या ऑफिसात खुर्चीवर बसणं नातेवाइकांना फार झोंबलं, मला तितकं नाही. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या खुर्चीतच आहे. ज्या टेबलावर माझी बिलं वर्षानुवर्षं जाऊन अडकत होती, तसल्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मी आता बसलो होतो.

तिथून काय दिसलं? महिन्यातून दोनदा पेमेंटची यादी निघायची. यादीत यायचं तर बिलावर पीओ, म्हणजे कंपनीच्या लेखी खरेदी-ऑर्डरचा नंबर हवा, पीओवरचा दर आणि बिलावरचा दर एक हवा, स्टोअरने माल मिळाल्याची नोंद केलेली हवी, क्वालिटीचा शिक्का हवा, मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट जोडलेलं हवं. यातलं एक जरी नसलं तरी बिल एका वेगळ्या ट्रेमध्ये जायचं. त्या ट्रेमधलं बिल कोणी नाकारत नव्हतं. ते फक्त तिथे पडून राहायचं. कोणाची चोरी नाही, कोणाचं कारस्थान नाही. पुढच्या यादीच्या दिवशी कोणीतरी तो ट्रे चाळेल, न चाळलं तर त्याच्या पुढच्या.

आणि सप्लायर काय करायचे? मी केलं तेच. खरेदीच्या साहेबाला फोन करायचे, त्याच्याबरोबर चहा प्यायचे, दिवाळीला डबा पाठवायचे, तीन महिने झाले की आवाज चढवायचे. साहेबाच्या हातात काहीच नसायचं. तो "बघतो, बघतो" म्हणायचा आणि खरोखर विसरायचा. अकाउंट्सच्या मॅडम एकदा मला म्हणाल्या, "अहो, तुमचे व्हेंडर भांडायला येतात, कागद द्यायला कोणी येत नाही." मी हसलो. घरी जाऊन मात्र माळ्यावरची जुनी चलनबुकं खाली काढली.

पीओ नंबर निम्म्या बिलांवर नव्हता. ड्रॉइंगमध्ये बदल झाल्यावर दर फोनवर ठरायचा, पीओ जुन्याच दराचा राहायचा. टेस्ट सर्टिफिकेट मागितलं तरच द्यायचं, अशी माझी पद्धत. १२० दिवसांतले किती पार्टीने लावले आणि किती माझ्या कागदांनी, ते आता नेमकं सांगता येणार नाही. मोठा वाटा माझ्या कागदांचा होता एवढं दिसलं. त्याच चलनबुकांत दुसरंही सापडलं. नोकरीत मला कॉस्टिंगचे तक्ते भरायला लागायचे: मशीन नव्या कामाला लावायचा म्हणजे सेटिंगचा वेळ, इन्सर्ट म्हणजे कातायचं पातं किती झिजतं, मशीनचा ताशी दर, रिजेक्शन, सगळं. तोच तक्ता माझ्या जुन्या कामांवर लावला. जिचं नाव मी अभिमानाने सांगायचो, ती पार्टी छोटे छोटे लॉट द्यायची, दर लॉटला नवं सेटिंग. तिचं काम मी तोट्यात करत होतो. आणि ज्या बुशच्या कामाला कंटाळवाणं म्हणायचो, त्या बुशने कारखाना ओढला होता. हिशोबात माझा स्वतःचा पगार तर कुठेच धरलेला नव्हता.

मला तेव्हा राग आला, अजूनही कधीकधी येतो. हे काही गुपित नव्हतं. आयटीआयमध्ये आम्हाला मायक्रॉनमध्ये मोजायला शिकवलं, बिल कसं लिहायचं ते कोणी शिकवलं नाही.

आता दुसरा गाळा. रबाळ्याला, भाड्याने, लॉकडाउन उठल्यानंतर. पैसे कुठून आले, हा तुमचा पुढचा प्रश्न असतो. बँकेतून नाही, निदान सुरुवातीला नाही. पहिला गाळा बंद करताना लेथ विकून मी आधी कामगारांचे पगार चुकते केले, मग कळंबोलीच्या शेठचं देणं हप्त्याहप्त्याने फेडलं. बँकेने कमी रकमेत तडजोड सुचवली होती. एका मित्राने सांगितलं, नको, 'सेटल्ड' असा शेरा सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, बसला की पुढे कोणी दारात उभं करणार नाही. म्हणून तेही नोकरीच्या पगारातून पुरं भरलं. हे काही थोरपण नव्हतं. ठाण्यातच राहायचं होतं आणि ही सगळी माणसं रोज दिसणार होती.

नवा गाळा घेतल्यावर शेठकडे गेलो. माल उधार द्याल का, विचारलं. ते म्हणाले, "बाकीचे धंदा बंद करतात तेव्हा फोन पण बंद करतात. तुझा चालू होता." ६० दिवसांची उधारी दिली. जुना ऑपरेटरही परत आला, त्याचे पगार बुडाले नव्हते म्हणूनच आला. दुसरा गाळा उभा राहिला तो या दोन माणसांवर. मी शिकलेल्या कुठल्याही धड्यापेक्षा त्यांचा वाटा मोठा आहे.

उधारी आजही देतो. बिलासोबत कागदांचा पूर्ण जुडगा जातो आणि त्याची पोच मी अकाउंट्समधून घेतो, खरेदीतून नाही. एकाच पार्टीवर तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त काम चढू देत नाही. यापायी मोठी ऑर्डर नाकारली तेव्हा सासरे म्हणाले, "जावईबापू, लक्ष्मी दारातून परत पाठवताय." त्यांना पटवायला गेलो नाही, पटलं नसतं.

कायद्याचं विचारता, तर कायदा चांगला आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यायचे असं लिहिलंय, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, चक्रवाढ व्याज. २०१७ पासून तक्रारीला समाधान पोर्टलही आहे. पहिल्या गाळ्याच्या वेळी यातलं काही मला माहीत नव्हतं, आणि असतं तरी तक्रार केली नसती, कारण तक्रार केली की ती पार्टी गेली. खरा फरक पडला तो २०२३-२४ च्या हिशोबापासून. मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येईना, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच दाखवायची. तेव्हापासून मार्च जवळ आला की कंपन्यांना आमची आठवण येते. मात्र उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी हवी, आणि तिचा नंबर बिलावर छापलेला बरा. आयटीआयच्या पोरांना मी हे वहीत लिहायला सांगतो. ती लिहीत नाहीत. प्रेरणेचं काही सांगा म्हणतात.

सगळं सुरळीत चाललंय असं समजू नका. या घडीला एका पार्टीचं बिल मुदत ओलांडून पडलंय. कागद पूर्ण आहेत, पोच आहे, तरीही. पूर्वी मी साहेबाला फोन केला असता आणि पुढचा लॉट पाठवून दिला असता, संबंध बिघडू नयेत म्हणून. या वेळी लॉट पॅक करून गाळ्यातच ठेवलाय आणि तसं ईमेलने कळवलंय. पार्टी तुटेलही. तुटली तर धंद्याचा पाचवा हिस्सा जाईल, आणि त्यात भागेल की नाही याचा हिशोब काल रात्री बसून केलाय. भागेल, पण जेमतेम.