कोबीच्या बदल्यात

परवा भाच्याने मला मोबाईलवरून मान वर न करता प्रश्न टाकला, मामा, कोबीच्या बदल्यात लेकर्सनी कोणाला दिलं होतं सांग. आतून आईचा आवाज, अरे कोबी कशाला बदलतोयस, आज भाजी तीच आहे. आता हा कोबी म्हणजे कोबी ब्रायंट, आणि लेकर्स म्हणजे अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉल लीगमधली त्याची टीम. हसून झाल्यावर उत्तर दिलं, व्लादे दिवात्स. (शेवटी 'क' नाही हां, 'त्स'. मी स्वतः कॉलेजात असताना सगळ्यांना ठासून दिवाक सांगायचो.) भाचा म्हणाला बरोबर, आणि पुढच्या प्रश्नावर गेला. मला मात्र ते लागलं, कारण हा माणूस हॉल ऑफ फेममध्ये आहे आणि तरी लोकांच्या लक्षात आहे तो दुसऱ्याच कोणाच्या तरी गोष्टीत.

सुरुवातच बघा ना. सर्बियातल्या प्रियेपोल्ये नावाच्या छोट्या गावातला हा उंच पोरगा, क्राल्येवोच्या क्लबकडून आणि मग बेलग्रेडच्या पार्टिझानकडून खेळला, 1989 च्या ड्राफ्टमध्ये (टीम्स पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) लेकर्सनी 26 व्या नंबरवर उचलला. आणि त्याच वर्षी रिटायर कोण झालं, तर लेकर्सचा दिग्गज करीम अब्दुल-जब्बार! म्हणजे इंग्रजी धड येत नाही, देश नवा आणि जागा कोणाची भरायची तर करीमची. पण गडी टिकला, दोनच वर्षांत मॅजिक जॉन्सनबरोबर फायनल खेळला. सात फुटाच्या वर उंची असून पास असे द्यायचा की ज्याचं कामच पास देणं त्या गार्डला लाज वाटावी, मला तो आवडायचा तो त्या पासेससाठीच.

मग 1996. शार्लट हॉर्नेट्सनी 13 व्या नंबरवर निवडलेलं सतरा वर्षांचं पोरगं, म्हणजे कोबी, लेकर्सना हवं होतं आणि धिप्पाड शॅकला (शकील ओ'नील) आणायला टीमच्या पगाराच्या मर्यादेत जागाही रिकामी करायची होती, दोन्हीला इलाज एकच, दिवात्सला पाठवा. तो म्हणाला मी जात नाही, त्यापेक्षा खेळणंच सोडतो. तो खरंच अडून बसला असता तर ट्रेड फिसकटला असता आणि कोबी लेकर्सचा झालाच नसता. शेवटी गेला बिचारा. आता क्विझमध्ये हा एका मार्काचा प्रश्न आहे.

शार्लटनंतरची टीम, सॅक्रामेंटो किंग्ज, हे त्याचं खरं घर. तो, क्रिस वेबर, माइक बिबी आणि आपला, म्हणजे दिवात्सच्या देशाचा, पेजा स्टोयाकोविच, असला देखणा बास्केटबॉल मी परत पाहिला नाही. शॅक चिडायचा की नुसता हात लागला तरी हा पडतो, आणि खरं सांगू, पडायचाच, नाटकी होता थोडा. 2002 ला लेकर्सविरुद्ध सेमीफायनल, सात मॅचची सिरीज, किंग्ज 2-1 पुढे, चौथ्या मॅचमध्ये दोन पॉइंटने पुढे, शेवटचे सेकंद, कोबीचा शॉट हुकला, शॅकचा हुकला, दिवात्सने बॉल रिंगपासून लांब ढकलला, शंभरातली नव्याण्णव माणसं तेच करतील, आणि तो गेला सरळ लेकर्सच्या रॉबर्ट ऑरीच्या हातात. तीन पॉइंटचा शॉट. 100-99. किंग्ज सिरीज सात मॅचमध्ये हरले. फोटो ऑरीचा छापून आला. त्याच वर्षी इंडियानापोलिसला वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये दिवात्सच्या युगोस्लाव्हियाने अमेरिकेला त्यांच्याच घरात हरवलं आणि फायनलला अर्जेंटिनाला ओव्हरटाइममध्ये हरवून गोल्ड नेलं, ते कोणी विचारत नाही.

2019 च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळून गेले, भारतातल्या पहिल्या एनबीए मॅचेस. पहिल्या दिवशी सगळी शाळेची पोरं, मॅच ओव्हरटाइमला गेली आणि किंग्ज एका पॉइंटने हरले. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळ मुंबईचेच, आणि तेव्हा जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडू निवडणारा, कोण, तर दिवात्स. पण तोवर त्याचं नाव शिव्यांसाठी निघायचं, कारण 2018 च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरवर त्याने पुढे मोठा स्टार झालेल्या लुका डॉन्चिचला सोडून मार्विन बॅगलीला घेतलं होतं. हे मात्र त्याचं त्यानेच केलं, इथे मी वकिली करणार नाही.

राहता राहिली ड्राझेन पेट्रोविचची गोष्ट. युगोस्लाव्हियाच्या टीममधले जिगरी दोस्त, हा सर्ब, तो क्रोएट, दोघंही 1989 लाच अमेरिकेत गेलेले. 1990 ला ब्युनॉस आयर्सला वर्ल्ड चॅम्पियन झाल्यावर एक प्रेक्षक क्रोएशियाचा झेंडा घेऊन कोर्टवर घुसला, दिवात्सने तो हिसकावून घेतला. सर्बियाचा झेंडा असता तरी हेच केलं असतं, असं तो आजही सांगतो. पण पुढच्या वर्षी युगोस्लाव्हिया फुटून युद्ध पेटलं, क्रोएशियात तो व्हिलन झाला आणि पेट्रोविचने बोलणं तोडलं. कधीतरी बसून बोलू असं दिवात्सला वाटत राहिलं. 7 जून 1993 ला जर्मनीत हायवेवर पेट्रोविच बसला होता ती गाडी ट्रकवर आदळली आणि तो गेला, वय 28.

खूप वर्षांनी एका डॉक्युमेंटरीसाठी दिवात्स क्रोएशियाची राजधानी झाग्रेबला गेला. रस्त्यावर लोक वळून वळून बघतायत, हा एवढा थोरला माणूस, लपणार तरी कुठे. पेट्रोविचच्या आईला भेटला. मग दोघांचा एक जुना फोटो घेऊन कबरीपाशी गेला आणि तिथेच ठेवून आला.