आमची वाटचाल : रेट देणारे आणि टनेज काढणारे

भोसरी एमआयडीसीत प्रेस टूल (पत्रा कापायचे-वाकवायचे साचे) बनवून त्यावरच जॉब (सुटे भाग) काढून देणारी जी छोटी युनिटं आहेत, त्यांतलं आमचं एक. सुरुवात जुना सरफेस ग्राइंडर, रेडियल ड्रिल आणि ६३ टनी सी-फ्रेम प्रेसवर झाली. सोबत होते भागीदार म्हणून आलेले आमचे टूलमेकर. पुढे वायरकट (तारेच्या ठिणगीने पोलाद कापणारं मशीन) आला, दुसरी शेड झाली. ती सगळी वर्षं ठीक गेली, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते एका ब्रॅकेटबद्दल, कारण त्याच्या पायी युनिटला कुलूप लागायची वेळ आली होती.

पत्रा २.५ मिमी. चौकशी गाड्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका मोठ्या कारखान्याची. तेव्हा आमच्याकडे भारी पगाराचे विक्रीप्रमुख आणि महिन्याची फी घेणारे सल्लागार नुकतेच रुजू झाले होते. दोघांचं एकच म्हणणं, 'आधी व्हॉल्यूम घेऊ, मार्जिनचं नंतर बघू.' मागच्या गल्लीतल्या स्पर्धकाकडे टूलरूमच (टूल बनवायचा विभाग) नाही, टूल बाहेरून करून घेतो. त्याच्याही खाली रेट लावला. टूलरूमच्या हातात ड्रॉइंग पडलं ते पीओ (खरेदीची ऑर्डर) आल्यावर, आणि त्यात रिव्हिजन (ड्रॉइंगची आवृत्ती) बदललेली. साध्या एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) जागी ५९० टेन्साइलचा (ओढून तुटायची ताकद, मेगापास्कलमध्ये) पत्रा.

आता टनेजचा, म्हणजे प्रेसला लागणाऱ्या जोराचा, हिशेब बघा. एकूण कटची लांबी ५२० मिमी. एमएसचा शिअर (कापलं जाण्याला पत्र्याचा विरोध) ३२० धरला तर ५२० × २.५ × ३२० = ४,१६,००० न्यूटन, म्हणजे ४२ टनांच्या आसपास. ६३ टनी प्रेस हसत काढेल. ५९० च्या पत्र्याला टेन्साइलच्या ८० टक्के शिअर धरा, ४७२ येतो, आणि तोच जॉब जातो साडेबासष्ट टनांवर. स्ट्रिपरचे (वरच्या कापणाऱ्या पंचवरून पत्रा सोडवणाऱ्या भागाचे) दहा टक्के वेगळेच. क्रँक प्रेस पूर्ण टनेज देतो ते फक्त बॉटमच्या (स्ट्रोकच्या तळाच्या) जवळ. थोडं वर लोड आलं की स्लाइड अडकते. कोटेशनमध्ये ताशी दर ६३ टनीचा होता. जॉब १०० टनीवर नेला असता तर प्रत्येक नगाला खिशातून घालावे लागले असते.

क्लिअरन्सचंही (पंच आणि खालचा डाय यांच्यातल्या फटीचंही) तेच. एमएसला एका बाजूला जाडीच्या ६ टक्के, म्हणजे ०.१५ मिमी चालतो. या पत्र्याला १० टक्के, म्हणजे ०.२५ द्यावा लागतो. ०.१५ वरच ठेवला तर वरची आणि खालची चीर एकमेकींना मिळत नाहीत, पत्रा दुसऱ्यांदा कापला जातो, पंचवर बाजूने ताण येतो आणि डी२ ची (टूलच्या कडक पोलादाची) धार तुकड्या-तुकड्यांनी उडते. धार नुसती झिजली तर ०.२ मिमी ग्राइंड करून भागतं. उडाली की अर्धा मिमी घासावा लागतो. डायची लँड (धारेखालची सरळ भिंत) ४ मिमी असेल तर वीसऐवजी आठच ग्राइंडिंग मिळतात. कोटेशनमधलं टूल लाइफ एमएसच्या हिशेबाने लिहिलेलं होतं.

यातून मार्ग काढला टूलमेकरनी. बाहेरची कड ३४० मिमी आणि भोकं-खाचा मिळून १८० मिमी, हे त्यांनी वेगळं केलं. भोकांचे पंच पत्र्याच्या जाडीइतके आखूड केले, म्हणजे आधी कड कापली जाते आणि मग भोकं. एका वेळचं लोड ४१ टनांवर आलं. स्ट्रिपर धरून ४५, ६३ टनीच्या साधारण ७० टक्के. डी२ चे इन्सर्ट (बसवायचे कापणारे तुकडे) नव्याने काढले, ५१० ते ५२० अंशांवर दोनदा टेम्पर करून (कडक केल्यावर पुन्हा तापवून) घेतले. दोनशे अंशांवर एकदाच उरकलं की आत ताण राहतो आणि वायरकटवर ब्लॉक तडकतो. हार्डनिंगवाल्याला हे लेखी द्या, तोंडी सांगून उपयोग नाही.

वर्षअखेरीला त्याच पार्टीच्या पुरवठादार मेळाव्यात ट्रॉफी मिळाली. स्टेजवर विक्रीप्रमुख गेले. टूलमेकर त्या वेळी शेडमध्ये शिम (उंची जुळवायच्या पातळ पट्ट्या) लावत होते. विक्रीप्रमुखांचं कमिशन पीओच्या तारखेलाच निघालेलं होतं. पार्टीने मात्र सुरुवातीच्या लॉटच्या बरबद्दल (कापलेल्या कडेला राहिलेल्या काट्यांबद्दल) डेबिट नोटा (बिलातून कापायच्या रकमेच्या) काढून पैसे अडवले. २००६ च्या एमएसएमई (लघुउद्योग) कायद्यात पैसे द्यायला ४५ दिवसांची मुदत आहे खरी, पण मालावरच वाद घातला की पुढचं सगळं लांबतं. सीसी लिमिट (बँकेच्या कॅश क्रेडिटची मर्यादा) संपली. पगार निघाले ते कोल्हापूरच्या एका जुन्या ग्राहकाच्या अॅडव्हान्सवर. शेतीपंपांचे स्टार्टर बनवतात ते. टूलच्या किमतीच्या ४० टक्क्यांऐवजी त्यांनी ७० टक्के आधीच पाठवले, आणि निरोप एकच, 'चर्चेला तुमचे टूलमेकर पाठवा, बाकी कुणी नको.'

विकणाऱ्याची किंमत आम्ही नाकारत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगरसुद्धा सुरुवातीला खपेना; लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पण तिथे नांगर बनवणारा आणि तो गळी उतरवणारा माणूस एकच होता. आपल्याकडे दोन माणसं आहेत आणि पगाराचं पारडं एकाच बाजूला झुकलेलं. टूल नीट चाललं तर काहीच घडत नाही, त्यामुळे ते करणारा कुणाच्या नजरेत येत नाही. टूलरूमवाल्यांचाही दोष आहेच. क्लिअरन्स चुकला म्हणून ओरडतात, पण चुकल्यामुळे नगामागे किती रुपये गेले ते मांडत नाहीत.

विचारलं नाहीत तरी सांगतो. टनेज, क्लिअरन्स, स्प्रिंगबॅक (वाकवलेला पत्रा थोडा परत उघडणं) आणि ग्राइंडिंगचा हिशेब असलेल्या कागदावर टूलमेकरची सही असल्याशिवाय कोटेशन बाहेर पाठवू नका. कमिशनचा निम्मा भाग पीओवर द्या, उरलेला पहिलं ग्राइंडिंग ठरलेल्या स्ट्रोकनंतर आलं तरच, आणि त्यात टूलमेकरचाही वाटा ठेवा. आमच्याकडे ही पद्धत लागू झाल्यावर विक्रीप्रमुख मागच्या गल्लीत गेले. आणि कॉइलबरोबर (पत्र्याच्या गुंडाळीबरोबर) मिलचं सर्टिफिकेट आलं तरी पट्टीचा एक तुकडा टेन्साइलला पाठवा. कागदावर ५९० आणि हातात ६६० असा पत्रा सर्रास येतो, आणि मग ४५ टनांचे ५० होतात.