आगळाचा डाग आणि रंगीत प्रिंट

आधी हे सांगते. रंगीत प्रिंट हातात आली की दुकानातच बोट ओलं करा आणि तिच्या कोपऱ्यावर फिरवा. रंग बोटाला लागला तर प्रिंट परत द्या. हे मला वेळेत कळलं असतं तर माझा अख्खा आषाढ वाचला असता.

आवडत्या पुस्तकांची स्क्रॅपबुक करायची, एका पुस्तकाला दोन पानं, असं मे महिन्यात ठरवलं. गोष्टीचा सारांश लिहायचा नाही. पुस्तक कुणी दिलं, कुठे बसून वाचलं, काय मनात राहिलं, एवढंच. पहिलं पुस्तक ठरलेलंच होतं, ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, पण त्यांचं पालगड आमच्या दापोली तालुक्यातलं, म्हणून आमच्या घरात ते घरचंच पुस्तक. आजीच्या प्रतीत एका पानावर आगळाचा, म्हणजे कोकमाच्या घट्ट खारट रसाचा, अंगठ्याएवढा डाग आहे, मध्ये फिका, कडेला गडद जांभळा. चुलीपाशी बसून वाचताना पडलेला. मला स्क्रॅपबुकात तोच डाग हवा होता. पुस्तकाला कात्री लावणं मला पटत नाही, म्हणून पानाचा फोटो काढला.

आणि तिथून प्रिंटच्या दुकानाचे हेलपाटे सुरू झाले. पहिल्यांदा एसटीने गेले तर लाईट नव्हती. दुसऱ्यांदा, “ताई, मशीनवरचा मुलगा आला नाही, उद्या या.” उद्या या म्हणायला काय जातं? भर पावसात गाडीची वाट बघत अर्धा दिवस माझा जातो. तिसऱ्यांदा प्रिंट मिळाल्या. मी स्पष्ट विचारलं, “लेझरच्याच ना?” “हो हो, त्याच.” घरी येऊन मागे गम लावला, पानावर दाबली, आणि आगळाचा डाग ओघळला. जांभळा रंग अक्षरांवरून खाली उतरला, खालच्या दोन ओळी गेल्या, शेजारी मी शाईने लिहिलेला मजकूरही गेला. पान फाडावं लागलं. त्या दिवशी मी जेवले नाही.

चौथ्यांदा गेले तेव्हा उत्तर मिळालं, “पावसाळ्यात असं होतंच.” नाही होत! लेझरमध्ये रंगाची पूड उष्णतेने कागदावर वितळवून बसवतात, तिला पाणी लागलं तरी ती हलत नाही. इंकजेटची साधी शाई पाण्यात विरघळते. त्या प्रिंट इंकजेटच्या होत्या, आणि विचारल्यावर खोटं सांगितलं गेलं, याचा राग अजून आहे. नंतर चिपळूणला मामेबहिणीकडे गेले होते, तिथे दहा मिनिटांत लेझर प्रिंट मिळाली. काउंटरवरच ओलं बोट फिरवलं. दुकानदार बघत राहिला, बघू दे.

गमचंही सांगायला हवं. पांढऱ्या पातळ गममध्ये पाणी असतं, आपल्याकडच्या दमट हवेत तो वाळत नाही आणि पान फुगतं. गमस्टिक किंवा डबल टेप वापरा. दोन पानांमध्ये बटर पेपर घाला आणि रात्रभर वर पाटा ठेवा. माझं पान असंच सपाट झालं.

पालगडला गेले त्या दिवसाचं एसटीचं तिकीट लावायचं होतं. मशीनची तिकिटं काही दिवसांत पुसट होतात, लॅमिनेशनच्या उष्णतेने तर काळी पडतात, म्हणून झेरॉक्सच लावली. वर्तमानपत्राच्या कात्रणांचंही तसंच, तो कागद पिवळा पडून ठिसूळ होतो.

आता पान तयार आहे. डाग आहे तसा आला, कडेची गडद रेघसुद्धा. आईने चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “ही तुझ्या आजीची खूण.” मला फार बरं वाटलं.

पुढची दोन पानं श्री. ना. पेंडशांच्या ‘गारंबीच्या बापू’ची. गारंबीही इथलीच, सुपारीच्या बागेत जाऊन फोटो काढायचे आहेत. पण ते दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाली की. तोवर स्क्रॅपबुक कपाटात उभी ठेवली आहे, शेजारी कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी. ऊन पडेल त्या दिवशी अर्धा तास पानं उघडून सावलीत ठेवते, उन्हात नाही, रंग उडतो.